एकटीचा कुकर

या महिन्याच्या पत्रांत एकट्या राहणाऱ्या मुलींची पत्रं बरीच आली. कामाचा ताण, भांडणं, प्रेमभंग असले विषय त्यांत जवळजवळ नव्हते. रविवार कसा घालवायचा, हॉटेलात कुठं बसायचं, भांडी घ्यावीत का, असले प्रश्न होते. हे प्रश्न मला फार जवळचे आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे.

प्रश्न : मी २७ वर्षांची, मूळची लातूर जिल्ह्यातली. अंधेरीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आधी ठाण्यात तिघींबरोबर कॉट बेसिसवर राहायचे. आता डोंबिवलीत वन आरके भाड्यानं घेतलाय आणि एकटीच राहते. मला हे आवडतं. रविवारी उशिरा उठते, दादरला जाऊन फुलं आणते, कधी नाटक बघते, येताना काहीतरी चांगलंचुंगलं खाते. पण घरी फोन झाला की मावशी म्हणते, ‘एकटीनं कसली आलीय मजा?’ मग मला अपराधी वाटायला लागतं. घरात गादी अजून जमिनीवरच आहे. एक पातेलं आहे, एक कढई आहे. आई म्हणते, आत्ता काही घेऊ नकोस, लग्नात भांडी होतीलच. मी स्वार्थीपणानं वागतेय का?
— नाव छापू नये, डोंबिवली

उत्तर : नाही. स्वार्थी अजिबात नाहीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझ्या रविवारात मला काहीच खटकलं नाही. खटकलं ते एक पातेलं आणि एक कढई. अगं, तू कमावतेस, भाडं भरतेस, सकाळी डोंबिवलीच्या गर्दीत चढून घाटकोपरला उतरतेस, तिथून मेट्रोनं अंधेरी गाठतेस, आणि एवढं करून घरी येऊन खातेस काय? एका पातेल्यात होईल तेवढंच. लग्न होईल तेव्हा होईल. वर्षानं होईल, पाच वर्षांनी होईल, किंवा तू करणारच नाहीस. तोवरच्या रोजच्या जेवणाचं काय? तू राहतेस ते घरच आहे आणि घराला लागतं ते सगळं त्याला लागतं.

तेव्हा पगार झाला की पहिल्यांदा कुकर घे. तीन लिटरचा, ज्यात दोन डबे बसतात असा. खालच्या डब्यात अर्धी वाटी तुरीची डाळ, वरच्यात तांदूळ. पहिल्या दिवशी साधं वरण, भात, वर तूप आणि लिंबू. उरलेल्या डाळीला दुसऱ्या दिवशी चिंच-गूळ घालून फोडणी दे. तरीही उरली तर मूठभर कणीक मळ आणि वरणफळं कर. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो असं सगळ्या मुली म्हणतात. रोज नव्यानं सुरुवात करावी लागते म्हणून तो येतो. कालचं थोडं हाताशी असलं की येत नाही.

तू लातूरची, म्हणजे आईनं येसर, धान्यं-डाळी भाजून दळलेलं ते मसाल्याचं पीठ, दिलेलं असणारच. नसेल दिलं तर मागून घे. ऑफिसातून उशिरा आल्यावर येसराच्या आमटीसारखं दुसरं काही नाही. लसणाची फोडणी, त्यात पाणी, उकळी फुटायला लागली की गार पाण्यात कालवलेलं येसर. थेट उकळत्या पाण्यात टाकशील तर गुठळ्या होतील. भाकरी स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रातून आण. ती आपणच थापली पाहिजे असा नियम कुणी केलेला नाही.

गॅसचं म्हणशील, तर भाडेकरूला पत्त्याचे कागद जमवायला त्रास होतो हे मला ठाऊक आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवरही. इंडियन ऑइलवाले त्याला ‘छोटू’ म्हणतात. एकटीला तो पुष्कळ पुरतो आणि उचलून जागेवर ठेवायला कुणाला बोलवावं लागत नाही.

आता माझं सांगते. मी देवगडकडची. बँकेत नोकरी लागली म्हणून मुंबईला आले. आधी नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहिले आणि मग बोरिवलीत भाड्याची खोली घेतली. त्या खोलीतली माझी सगळ्यांत मोठी चैन म्हणजे मासळी. हॉस्टेलच्या मेसमध्ये ती मिळायची नाही. बाजारात कोळीण बोंबलांचा वाटा लावून बसलेली असायची. मोठा वाटा घरच्या पाच-सहा माणसांच्या हिशेबाचा. मी तो मोडून मागितला की आधी ती रागावायची आणि मग विचारायची, ‘एकलीच हायस का गो?’ हो म्हटलं की चार बोंबील मोजून द्यायची आणि वर एक पाचवा टाकायची. ते घरी आणून डोकी-शेपट्या काढायच्या, पोटातून चिरून उघडे करायचे, मीठ लावून दोन पाटांमध्ये ठेवायचे आणि वर पाण्यानं भरलेली कळशी. बोंबलात पाणी फार. ते निथळलं नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो. अर्ध्या तासानं काढले की कागदासारखे चपटे झालेले असायचे. मग हळद, तिखट, आगळ, आणि तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून तेलात सोडायचे. कडा सोनेरी होईपर्यंत हात लावायचा नाही. पहिला बोंबील मी तव्याजवळ उभी राहूनच खायची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जवळा भाजून कांद्याबरोबर. ही मजा कमी प्रतीची होती असं मला कुणी आजही पटवून देऊ शकणार नाही.

आणि तुझ्या मावशीबद्दल. १९९२ च्या ५ मे ला पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली अशी बायकांची पहिली खास लोकल सुरू केली. त्या गाडीत आणि एरवीच्या लेडीज डब्यातही मी फार काळ प्रवास केला. संक्रांतीनंतर डब्यात हळदीकुंकू व्हायचं, दसऱ्याला दाराला तोरण लागायचं, परतीच्या गाडीत मटार सोलले जायचे, मेथी निवडून व्हायची. माझ्या ग्रुपमध्ये बहुतेक जणी लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या. त्यातली एक खिडकी मिळाली की पुस्तक उघडायची आणि स्टेशन येईपर्यंत मान वर करायची नाही. दुसरी कानातल्यांच्या फेरीवालीकडून दर आठवड्याला एक स्वस्तातली जोडी घ्यायची, गाडीतच घालायची आणि घराजवळ उतरण्याआधी काढून पर्समध्ये ठेवायची. भरल्या घरातल्या बायका होत्या या. दिवसातला तेवढा तासच काय तो त्यांचा स्वतःचा. एकटीनं केलेली मजा अशी बहुतेक बायका कुठं ना कुठं शोधत असतात. तुला ती शोधावी लागत नाही, एवढाच फरक.

मावशीला बहुधा हा तासही कधी मिळाला नसेल. म्हणून तिच्याशी वाद घालू नकोस. तिला बोलाव. शनिवारी येऊ दे, तुझ्या कुकरमधला वरणभात जेवू दे आणि रविवारी सकाळी तिला दादर पश्चिमेच्या फुलबाजारात घेऊन जा. किलोवर विकली जाणारी शेवंती तिनं बघितलेली नसेल. निशिगंधाच्या काड्या तिलाच निवडू दे, खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या आणि वरच्या मिटलेल्या अशा. घरी आल्यावर देठ तिरके कापा, तांब्यात ठेवा, रोज पाणी बदला. आठवडाभर वरवरच्या कळ्या उमलत राहतील.

गादीसाठी एक साधा दिवाण बघ, आत सामान मावेल असा. वन आरकेत जागा तिथंच निघते.

प्रश्न : माझी मुलगी ३० वर्षांची, पुण्यात कोथरूडला एकटी राहते. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी कामावरून आली, दोघींसाठी चहा केला आणि स्वतःचा कप घेऊन गॅलरीत पुस्तक वाचत बसली. कुणाशी बोलणं नाही, काही नाही. बघून माझ्या पोटात तुटलं. विचारलं की म्हणते, ‘आई, मी मजेत आहे.’ मला खरं वाटत नाही. रात्री झोप लागत नाही.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझी आईही अशीच देवगडहून पत्रं पाठवायची आणि प्रत्येक पत्रात ‘दाराला आतून कडी लावतेस ना?’ असं विचारायची. पण तुम्ही जे पाहिलंत ते पुन्हा एकदा डोळ्यांपुढं आणा. दिवसभर माणसांत बोलून दमलेली मुलगी घरी आली. आधी तिनं तुमच्या हातात चहा दिला. मग तुम्ही समोर आहात म्हणून गप्पा मारायच्या, तोंडदेखलं हसायचं असलं काही न करता ती तिच्या रोजच्या जागी जाऊन बसली. परक्या माणसासमोर कुणी असं करत नाही. तुम्ही आलात म्हणून तिचं घर बदललं नाही, त्यात तुम्हाला जागा झाली. मला तर हे वाचून फार बरं वाटलं.

सासरी गेलेल्या मुलीकडे आपण जातो तेव्हा तिचा संसार बघतो, कौतुक करतो, डबे उघडून बघतो. हिच्याकडे गेलात तेव्हा तसं केलंत का? तिनं पडदे कुठून आणले, भाजी कुठं घेते, शेजारी कोण, हे विचारलंत का? पुढच्या वेळी चार दिवस राहा. स्वयंपाकघर लावून देऊ नका, ते तिच्या हातानं लागलेलं असतं. तिला म्हणा, तुझ्या आवडीच्या ठिकाणी मला ने. कोथरूडची मुलगी आहे, बहुधा सकाळी वेताळ टेकडीवर नेईल. चढताना दम लागला तर थांबा, मोर ओरडतात ते ऐका. एखाद्या दिवशी दोघी मंडईत जा. १८८६ सालची ती दगडी इमारत आजही सकाळी बघण्यासारखी असते, आणि भाजीची पारख तुम्हाला तिच्यापेक्षा नक्कीच जास्त असणार. तिला ती शिकवा. हे शिकवणं तिला आवडेल, लग्नाचा विषय कदाचित नाही आवडणार.

झोपेसाठी थोडं व्यवहाराचं. घराची जास्तीची किल्ली मजल्यावरच्या एका भरवशाच्या कुटुंबाकडे असू द्या आणि त्यांचा नंबर तुमच्याकडे. ११२ हा अडचणीच्या वेळचा नंबर आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन तिच्या फोनमध्ये असतीलच, तुमच्याही असू द्यात. रात्री ‘जेवलीस का?’ एवढंच विचारून फोन ठेवत असाल तर एखाद्या दिवशी ‘कुठलं पुस्तक वाचतेयस?’ असं विचारून बघा. आणि माळ्यावर एखादी पितळी परात, तुमच्या सासूबाईंचा खलबत्ता असं काही पडून असेल तर कल्हई-बिल्हई करून तिला आत्ताच देऊन टाका. तिच्या वाट्याचं आहे ते. त्यासाठी मांडव कशाला लागतो?

प्रश्न : पनवेलला सोसायटीत भाड्यानं राहते. सेक्रेटरी म्हणतात, एकट्या मुलीकडे पाहुणे आलेले चालणार नाहीत, मैत्रिणीसुद्धा नाहीत. करार ‘तोंडी’ आहे. मालक म्हणतात, जुळवून घे.
— एक वाचक

उत्तर : तोंडी करार हीच मोठी अडचण आहे, ती आधी सोडव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो, नोंदवावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षा आणि दंडही होऊ शकतो. एवढंच नव्हे, नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. हे मालकांना नम्रपणे, पण स्पष्ट सांग. नोंदणी आता ऑनलाइन होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही देऊन ठेवायला लाव.

कागद हातात आला की सेक्रेटरींना अर्ज लिही : पाहुण्यांबद्दलचा नियम कुठल्या उपविधीत आहे, सर्वसाधारण सभेत कधी मंजूर झाला, तो सगळ्या घरांना लागू आहे का, हे लेखी कळवावं. अर्जाची पोच घे. तोंडी बोललेले पुष्कळसे नियम कागदावर उतरतच नाहीत. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जे शुल्क घेते, त्यालासुद्धा सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा ‘एकट्या मुलीसाठी जादा’ असं कुणी मागितलं तर देऊ नकोस. आणि मैत्रिणींना बोलावणं थांबवू नकोस. त्या येतील तेव्हा दार उघडं ठेवून मोठ्यानं हसा.

प्रश्न : मला एकटीनं हॉटेलात जेवायला फार संकोच वाटतो. वेटर विचारतो, ‘अजून कोण येणारेत?’ मी पार्सल घेऊन घरी येते. वय २४, दादरला पीजी राहते.
— ऋ., मुंबई

उत्तर : दादरला राहून पार्सल खातेस? गरम साबुदाणा वडा डब्यात बंद झाला की घामेजतो, मऊ पडतो. तो बशीत आल्या आल्या चटणीबरोबरच खायला हवा.

ऋ., मुंबईतली खाण्याची जुनी ठिकाणं निघाली ती मुळात एकट्या माणसांसाठी. गिरणगावात गावाकडून आलेले कामगार घरदार मागं ठेवून एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळी चालवणाऱ्या बायका. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. नावातच बोर्डिंग आहे त्याच्या. तिथं आजही केळीच्या पानावर जेवता येतं. एकटं माणूस या शहरात पहिल्यापासून टेबलाशी बसत आलंय. बायकांनी शिजवलं आणि पुरुष बसले, एवढंच. आता तू बैस.

सुरुवात माटुंग्यापासून कर. सकाळी आठच्या सुमारास कुठल्याही उडप्याकडे जा. तिथं टेबल वाटून घेण्याची पद्धतच आहे, समोर अनोळखी आजोबा पेपर वाचत इडली खात असतील आणि तुझ्याकडे बघणारही नाहीत. एकटीला जागा लवकर मिळते, चौघांचं कुटुंब बाहेर ताटकळत राहतं. फोन पर्समध्ये टाक. रसम वडा मागव, कॉफी शेवटी सांग, नाहीतर आधीच येऊन थंड होते. वेटरनं विचारलं तर ‘एकच’ म्हण आणि मेनू मागव. दुसऱ्या खेपेला तो विचारणार नाही, तिसऱ्या खेपेला तुझी कॉफी त्याच्या लक्षात असेल.

प्रश्न : एकटीनं नाटकाला गेलं तर चांगली सीट मिळते का?
— कॉलेज संपलेली एक, ठाणे

उत्तर : दुकटीपेक्षा चांगली मिळते! जोड्या-जोड्यांनी तिकिटं गेली की पुढच्या रांगांत मध्येच एखादी खुर्ची सुटी उरते. ती कुणाला नको असते. ठाण्यात गडकरी रंगायतनला किंवा दादरला शिवाजी मंदिरला प्रयोगाच्या आदल्या दिवशी खिडकीवर जा आणि ‘पुढं एक सुटं आहे का?’ असं विचार. ऑनलाइन नकाशात बघितलंस तरी त्या खुर्च्या दिसतील. मध्यंतराच्या आधी जरा खुर्चीच्या टोकाला सरकून राहा, पडदा पडला की खुर्चीवर रुमाल टाक आणि लगेच निघ, वड्याची रांग फार लांब होते.